खुराड्यात अजगर: आत येतो कुठून, सापडल्यावर काय करायचं, जाळी कुठली लावायची

व्हाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून घर आहे, मागून व्हाळ म्हणजे ओढा वाहतो. गावठी कोंबड्या 22, त्यातल्या दोन पिलांवर. खुराडा 8 बाय 6 फुटांचा. तीन बाजूंनी कमरेएवढी चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत, त्यावर षटकोनी मुर्गी जाळी, वर मंगलोरी कौलं. दार लाकडी. धुण्याचं पाणी जायला भिंतीच्या तळाशी चार इंची पाइप आहे. पंधरा दिवसांत पाच कोंबड्या गेल्या. रक्त नाही, पिसं जेमतेम चार. शेजारी मुंगूस म्हणतात, काहीजण अजगर म्हणतात. खुराड्याच्या मागे सोडणांची (नारळाच्या सालींची) रास आहे, तिच्याजवळ हातभर लांबीचा कातीचा तुकडा मिळाला.

विचारायचं ते असं: हा अजगरच आहे हे कशावरून ठरवायचं? आत सापडला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? आणि पुन्हा येऊ नये म्हणून खुराड्यात नेमका बदल कोणता? अजगराला इजा करायची नाही, पण कोंबड्याही अशा जाऊ द्यायच्या नाहीत.

रानवाट

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून अजगराकडेच बोट जातं. तरी खात्री करून घ्या, कारण उपाय जनावरागणिक बदलतो.

मुंगूस किंवा उदमांजर आत शिरलं तर सकाळी खुराडा रणांगणासारखा दिसतो. मान किंवा डोकं खाल्लेल्या दोन-चार कोंबड्या तिथेच पडलेल्या असतात, पिसं सगळीकडे. कोल्हा किंवा रानमांजर कोंबडी उचलून नेतं, पण वाटेवर कुंपणापर्यंत पिसांची रेघ राहते. घोरपड आणि नाग यांचा डोळा अंड्यांवर आणि पिलांवर. अजगर जागच्या जागी आवळतो आणि अख्खी गिळतो, म्हणून मागे काही उरत नाही. कधी मेलेली कोंबडी न खाता पडलेली मिळते: डोक्याकडून निम्मं अंग चिकट लाळेनं ओलं, पिसं एकाच दिशेला चापून बसलेली, मान लांबट ओढल्यासारखी. ती अजगराने धरून, गिळायला जमलं नाही किंवा कुत्रं भुंकलं म्हणून सोडलेली असते.

पक्का पुरावा हवा तर संध्याकाळी खुराड्याभोवती आणि पाइपच्या तोंडाशी चुलीतली राख चाळून हात-दीड हात रुंद पट्टा पसरा. धामण, नाग वळवळत जातात, त्यांची नागमोडी खूण उमटते. मोठा अजगर घाई नसेल तेव्हा पोटाचे खवले पुढे-मागे सरकवत सरळ रेषेत जातो. राखेत टायर ओढल्यासारखा चार बोटं ते वीतभर रुंद सरळ पट्टा दिसला की शंका उरत नाही. विष्ठा सापडली तर तिच्यात खडूसारखा पांढरा गोळा आणि पिसं किंवा केस असतात. कातीवरून लांबी मोजू नका. कात टाकताना ताणली जाते, त्यामुळे जनावर तिच्यापेक्षा आखूडच असतं.

आता सापडल्यावरचं. अजगर आत असेल आणि पोट फुगलेलं असेल तर तो पळणार नाही, आणि बहुतेक वेळा पळू शकणारही नाही. ज्या फटीतून रिकाम्या पोटी आला तिच्यातून दीड किलोची कोंबडी पोटात घेऊन बाहेर पडता येत नाही. खुराड्यात सकाळी वेटोळं घालून पडलेला अजगर सापडतो त्याचं कारण हेच. त्याला काठीने डिवचलं, पाणी मारलं, शेपटीला धरून ओढलं की तो गिळलेलं बाहेर ओकतो. ओकलेली कोंबडी तुमच्या कामाची नाही, त्याची शिकार फुकट जाते, आणि हलकं झालेलं जनावर आता चपळ असतं, चावायलाही तयार. म्हणून हात लावायचा नाही.

उरलेल्या कोंबड्या दारातून आपल्या पायांनी बाहेर येऊ द्या. त्यांना पकडायला आत वाकू नका. मग दार बंद, पाइपच्या तोंडावर चिरा. कुत्री बांधा. पोरांना घरात ठेवा. एकच माणूस चार-पाच मीटरवर उभा राहून लक्ष ठेवेल, बाकीच्यांनी लांब राहायचं. लांबून एक फोटो काढा, डोकं आणि पाठीवरची नक्षी दिसेल असा, आणि तो वनखात्याच्या रेंज कार्यालयाला पाठवा. तो क्रमांक आधीच दारामागे लिहून ठेवलेला असावा. रात्री तिथे कोणी उचलत नसेल तर 112, आणीबाणीचा क्रमांक. फोनवर वाडा (वस्ती), जवळचं देऊळ किंवा शाळा, गाडी कुठवर येते आणि जनावर कशात अडकलंय एवढं सांगा.

अजगर उघड्यावर, अंगणात किंवा पाटाच्या बांधावर दिसला आणि त्याची वाट रानाकडे मोकळी असेल, तर कोणाला बोलवायची गरज नाही. दिवे विझवा, लोक मागे घ्या, तो जातो.

माडावरचं घर

पोत्याचं तोंड समोर धरून मागून काठीने ढकललं की अजगर आपसूक पोत्यात जातो. बिनविषारी आहे, एवढं काय! खुराड्याभोवती फिनाईल आणि लसणाचं पाणी शिंपडा, बाहेरून मासेमारीची जुनी नायलॉन जाळी दोन पदरी लावा. स्वस्तात काम.

सर्पओळख

माडावरचं घर, तिन्ही सल्ले धोक्याचे आहेत. कारणं सांगतो, कारण हेच सल्ले गावोगाव फिरतात.

पोतं. चार-पाच फुटांचा, जाड अंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा साप म्हणजे अजगराचं पिल्लू असं समजून लोक घोणसीला हात घालतात. ही चूक जिवावर बेतते. घोणसीच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, साखळीच्या कड्यांसारख्या, प्रत्येक ठिपक्याला काळी आणि तिच्याबाहेर फिकट कड. डोकं त्रिकोणी, मानेपासून स्पष्ट वेगळं, वर बारीक बारीक खवले, नाकपुड्या मोठ्या. जवळ गेलं की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार. अजगराचे डाग ओळीत बसलेले नसतात. ते नकाशातल्या तालुक्यांसारखे वेडेवाकडे, एकमेकांना भिडलेले असतात. डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण, थोबाड फिकट गुलाबीसर, डोक्याच्या पुढच्या भागावर मोठे गुळगुळीत खवले, आणि वरच्या ओठावर बारीक खळगे. हे खळगे उष्णता ओळखतात, म्हणूनच मिट्ट काळोखात त्याला कोंबडी कुठे बसली आहे ते कळतं. लांबीचा एक आधार: घोणस साडेपाच फुटांच्या पुढे जात नाही. त्याच्या खाली असलेलं प्रत्येक ठिपक्यांचं जाड जनावर घोणस आहे असं धरून चाला. फोटो जाणकाराने बघेपर्यंत.

बिनविषारी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. अजगराचे दात मागे वळलेले असतात. तो चावला आणि दचकून हात खेचला की मांस फाटतं, कधी दाताचा तुकडा आत राहतो. त्याने सोडेपर्यंत हात स्थिर ठेवायचा, मग वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन व जखमेची तपासणी. प्रतिविष लागत नाही. पण साप कुठला हे ठाम माहीत नसेल तर घोणस चावल्यासारखंच वागा: अंग हलवायचं नाही, चिरायचं-बांधायचं नाही, थेट इस्पितळ.

कुत्र्याला किंवा वासराला विळखा बसला असेल तर डोक्याशी झोंबू नका. शेपटीचं टोक शोधा आणि तिथून एकेक वेढा उलगडत या. शेपटीची पकड सर्वांत कमकुवत असते. मोठ्या अजगराला तीन माणसं लागतात. विळख्यात प्राणी गुदमरून मरतो असा समज आहे. खरं तर दाबामुळे रक्ताभिसरणच बंद पडतं, म्हणून मिनिटं मोजकीच हातात असतात.

फिनाईल, लसूण, गंधक, डांबरगोळ्या, कार्बोलिक आम्ल: यातल्या कशानेही साप ठामपणे अडत नाही. गोव्याच्या पावसात शिंपडलेलं एका सरीत वाहून जातं. कार्बोलिकने कोंबड्यांचे पाय भाजतात.

आणि नायलॉन जाळी. तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. साप डोकं घालतो, खवले मागे वळलेले असल्यामुळे माघारी येता येत नाही, पुढे रेटतो आणि दोरा अंगात रुततो. सोडवायला गेलं तर प्रत्येक दोरा खवल्याखालून बोथट टोकाच्या कात्रीने एकेक कापावा लागतो. दोन दिवस अडकलेल्या सापाचं मांस दोऱ्याखाली सडलेलं असतं. नाग, घोणसही त्याच जाळीत अडकतात, म्हणजे विषारी साप तुमच्या दाराशी बांधून ठेवल्यासारखं. परसातली भाजी झाकायला लावलेल्या जुन्या जाळ्याही काढून टाका.

चिरा-कौल

बांधकामाचं मी सांगतो. तुमच्या वर्णनात चार भोकं आहेत.

सगळ्यांत आधी तो चार इंची पाइप. डोकं गेलं की उपाशी अजगराचं अंग जातं. माझा हिशेब असा की बंद मूठ जिथून जाते तिथून कोंबडी खाणारा अजगर जातो. पाइपच्या आतल्या तोंडावर जाळी कायमची बसवलीत तर भुशाने तुंबेल आणि तुम्हीच ती उचकटाल. त्यापेक्षा बाहेरच्या तोंडावर फिरकीचं झाकण बसवा. धुताना उघडायचं, धुवून झालं की बंद.

दुसरं, मुर्गी जाळी. ती पिळलेल्या बारीक तारेची असते. दोन पावसाळ्यांत गंजते, आणि अजगर अंगाच्या जोराने रेटतो तेव्हा पीळ सुटून भोक मोठं होतं. तिच्या जागी झिंक चढवलेली वेल्डमेश, म्हणजे चौकोनी भोकांची वेल्ड केलेली जाळी लावा. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, हे दुकानात लक्षात ठेवा. एक इंची भोकाची 14 किंवा 16 गेज जाळी मोठ्या कोंबड्यांना पुरते, कारण एका इंचातून जाणाऱ्या अजगराला कोंबडी गिळता येत नाही. पिलांच्या कप्प्याला मात्र अर्धा इंचच हवी. अंड्यातून नुकतंच निघालेलं अजगराचं पिल्लू 45 ते 60 सेंमी लांब आणि अंगठ्याएवढं असतं, ते इंचातून सहज जातं आणि कोंबडीच्या पिलाएवढी शिकार त्याला जमते. अर्ध्या इंचाने घुशी आणि मोठे उंदीरही अडतात.

जाळी नुसत्या यू-खिळ्यांवर सोडू नका. पावसात लाकूड फुगतं, खिळा ढिला होतो. दर चार इंचांवर खिळा आणि त्यावर जाळीची कड दाबणारी लाकडी रीप, स्क्रूने. जिथे दोन तुकडे जोडले जातात तिथे किमान चार बोटं एकावर एक, आणि तारेने शिवून.

तिसरं, कौलं. भिंतीच्या माथ्यावर कौलाची लाट उठते तिथे फट राहते. अजगर झाडावर चढतो तसा चिऱ्याच्या खडबडीत भिंतीवरही चढतो, म्हणून खुराडा खांबांवर उचलला की प्रश्न मिटला असं मानू नका. कौलं उतरवून वाशांवर वेल्डमेश आडवी पसरा आणि पुन्हा कौलं चढवा. तेवढं जमत नसेल तर निदान फटी सिमेंटने बुजवा.

चौथं दार. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, मार्च-एप्रिलमध्ये आकसतं, खाली दोन बोटं फट पडते. उंबऱ्याला चिऱ्याची किंवा सिमेंटची पायरी घ्या, जिच्यावर दार बाहेरून येऊन टेकेल. कडी एक पुरत नाही. वर एक, खाली एक. मधे एकच असेल तर खालचा कोपरा रेटला की वाकतो.

काम झालं की काळोख पडल्यावर आत मोठा विजेरी दिवा लावून ठेवा आणि बाहेरून चारी बाजूंनी फिरा. जिथून प्रकाशाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा. अर्ध्या इंची सळईचा तुकडा त्या फटीत जातो का बघा. जात असेल तर बुजवा. ही परीक्षा वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर).

साप स्वतः बीळ खणत नाही, पण घूस खणते आणि तिच्या बिळातून तो वर येतो. म्हणून जमीन मातीची असेल तर अर्धा इंची जाळी भिंतीलगत बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी टाकून वर माती दाबा. 8 बाय 6 च्या खुराड्याचा घेर 28 फूट होतो, कोपऱ्यांच्या दुमडीसाठी 32 ते 34 फूट जाळी घ्या.

रानवाट

चिरा-कौल यांनी घुशींचं काढलं ते बरं झालं. अजगर व्हाळाकाठी आधी येतो तो उंदरांसाठीच. सांडलेलं धान्य आणि उघडी गोणी उंदीर आणते, उंदीर त्याला आणतो, आणि खुराडा त्याला तिथे सापडतो. दाणा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, संध्याकाळी खालचं झाडून घ्या, कोंबडी सोलल्यावरची आतडी-पिसं कुळागरात न टाकता खोल पुरा. उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला मंदावलेला उंदीर सापाने, घुबडाने किंवा तुमच्याच मांजराने खाल्ला की तेही जातात. चाप लावा.

सोडणांची रास खुराड्यापासून निदान वीस-पंचवीस पावलं लांब न्या. आत्ताच हातांनी उपसू नका. लांब दांड्याच्या आकड्याने, दिवसा, वरून एकेक थर. चिऱ्यांचा रचलेला ढीग असेल तर तोही तसाच.

आणि रास उपसताना अंडी दिसली तर काम तिथेच थांबवा. थंडीत जोड्या जमतात, उन्हाळ्यात मादी अंडी घालते. अंडी पांढरी, कातड्यासारख्या कवचाची, कोंबडीच्या अंड्यापेक्षा खूपच मोठी, एकमेकांना चिकटलेला ढीग. मादी त्याभोवती वेटोळं घालून बसते आणि हवा गार झाली की अंग थरथरवून ऊब निर्माण करते. सापांमध्ये हे फार थोड्यांना जमतं. ती थरथर बघून आजारी आहे असं समजून लोक पाणी ओततात. तसं करू नका. दोन महिन्यांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात, बहुतेक पावसाच्या सुरुवातीला, आणि पांगतात. आई त्यांना सांभाळत नाही. जागा घरापासून लांब असेल तर दोरी बांधून तेवढा कोपरा सोडून द्या. अगदी दाराशी असेल तर वनखात्याला बोलवा. अंडी हलवायची झालीच तर वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो आणि अंडं फिरलं की मरतो. ते कर्मचारी पेन्सिलने वर खूण करून उचलतात. आपण उचलायचं नाही.

वनकायदा

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, त्यानंतरही तो तिथेच आहे. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासात अडकवणं, विष घालणं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटं विसकटणं हेही शिकारच. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, दंड किमान 25,000 रुपये. म्हणून पोत्यात भरून दुचाकीवरून लांब सोडून येणं, हेतू कितीही चांगला असला तरी, गुन्हा ठरू शकतं.

ते जनावरासाठीही वाईट. ओळखीच्या मुलखाबाहेर सोडलेला साप पाणी आणि बिळं शोधत भटकतो, रस्त्यावर येतो, चिरडला जातो. पकडलाच तर जवळच्याच रानात सोडणं योग्य, आणि तो निर्णय वनखात्याचा. त्यांना फोन केलात की वेळ, ठिकाण आणि किती कोंबड्या गेल्या हे वहीत लिहून ठेवा आणि त्यांच्या पंचनाम्यात ते येईल असं बघा.

व्हाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल राख पसरली होती. आज पहाटे पाइपच्या तोंडापासून सोडणांच्या राशीपर्यंत सरळ पट्टा आहे, चार बोटांहून थोडा रुंद. झाकण आणायला वाळपईला जातोय. तोवर दोन-तीन रात्री काय करू? कोंबड्या आंब्यावर बसू दिल्या तर चालेल का?

चिरा-कौल

आंब्यावर नको, तो तिथेही चढतो. पाइपमध्ये अर्धा इंची जाळीची गुंडाळी घट्ट ठोसून पुढे चिरा लावा, आज संध्याकाळच्या आत. पण आधी सकाळच्या उजेडात आत नीट बघून घ्या, कोपरे आणि वासे दोन्ही. तो बाहेर गेल्याची खूण दिसल्याशिवाय पाइप बुजवू नका, नाहीतर कोंबड्यांसोबत त्यालाच आत कोंडाल.

रानवाट

पट्टा एकच आहे की दोन? जाण्याचा आणि येण्याचा असे दोन एकमेकांवरून गेलेले दिसले तर तो राशीतच आहे. एकच असेल तर राख कुठे साचलीय ते बघा: राख ज्या बाजूला ढकलून साचलीय, त्या उलट दिशेला तो गेला. रास आज हलवू नका, आणि पोरांना त्या बाजूला पाठवू नका. कोंबड्या मोजून आत घ्या. काल रात्री एखादी गेली असेल तर तो आता बरेच दिवस पडून राहील, आणि तुम्हाला जाळीला तेवढी सवड मिळेल.